तीनशे बारा डोकी

लेखापरीक्षकांनी चष्मा कपाळावर सरकवला, पेन्सिलीचे टोक नोंदीवर टेकवले आणि विचारले, "या तीनशे बारा कटिंगांचं काय झालं?"

वसुलीकाका त्या वेळी फाइलीला नाडी बांधत होते. गाठ जरा जास्तच घट्ट बसली.

अकरा वर्षांपूर्वी एका मित्रराष्ट्राची तुकडी संयुक्त सरावासाठी छावणीत येऊन राहिली होती. तुकडीबरोबर त्यांचा न्हावी होता, पण तो तिसऱ्याच दिवशी ट्रकवरून उतरताना हात मोडून बसला. मग त्यांच्या दोनशे आठ जवानांनी आपल्या न्हाव्यापुढे डोकी धरली, आणि सराव लांबला म्हणून त्यांतल्या एकशे चार जणांनी ती पुन्हा एकदा धरली. करार असा होता की एका सैन्याने दुसऱ्याला जे जे पुरवले त्याची नोंद ठेवायची आणि बिल वर्षाच्या आत चुकते करायचे. इंधनाचे पैसे आले. पाण्याचे, तंबूंचे, बटाट्यांचेही रडतखडत आले. कटिंगचे काही येईनात. त्यांच्या हिशेबखात्यात इंधनाला खातेक्रमांक होता, बटाट्याला होता, केसांना नव्हता.

काका एकोणीस वर्षे याच कामात मुरले होते. परदेशी सैन्यांकडची थकबाकी वसूल करणारा कक्ष म्हणजे दोन टेबले, एक कपाट आणि स्वतः काका. त्यांचे खरे नाव आता फक्त पगारपत्रकात उरले होते. ते नेहमी म्हणत, की उधारीवाला शेजारी आणि मित्रराष्ट्र यांत फरक एवढाच: शेजारी आपल्याला बघून रस्ता बदलतो, मित्रराष्ट्र बँड वाजवत येते, जेवते, आणि जाताना सलामी देऊन जाते. सलामी देणाऱ्याकडे बिलाचे पैसे मागायला जीभ रेटत नाही.

यंदा मात्र सरकारला जाग आली होती. मित्रसैन्यांकडची येणी वर्षानुवर्षे का लोंबकळतात, असा प्रश्न वर कुठेतरी विचारला गेला. वरून देखरेख समिती निघाली, आणि समितीतून हे लेखापरीक्षक काकांच्या खोलीत येऊन बसले. बारीक अंगाचे, बारीक अक्षराचे गृहस्थ. चहा पाजला तर तो कोणत्या खात्यातून, हे विचारून मगच कपाला तोंड लावायचे. दहा दिवसांत त्यांनी एकेचाळीस थकलेल्या बाबी तपासल्या. चाळीस निकाली निघाल्या. एक उरली.

काकांनी सुचवले, की ही रक्कम माफ करून टाकावी. तिच्या दसपट रक्कम कागद आणि टपालावर गेली आहे.

"रक्कम लहान असते, काका," लेखापरीक्षक साहेब म्हणाले. "आक्षेप लहान नसतो."

एरवी काकांनी हेही हसून सोडून दिले असते. पण बावीस दिवसांनी ते निवृत्त होणार होते, आणि टेबलावर एकही आक्षेप उघडा असला तर लेखापरीक्षकांचे ना-देय प्रमाणपत्र मिळत नाही. ते नाही तर फंड नाही. काकांच्या आधी या खुर्चीवर बसणारे गृहस्थ सतरा पिंप तेलाच्या आक्षेपापायी तीन वर्षे दर महिन्याला येऊन बाकावर बसून जात. इकडे काकांनी दोन खोल्या आणि बाल्कनीचे घर घेऊन ठेवले होते. शेवटचा हप्ता फंडातून जायचा होता. पाच तारखेपर्यंत पैसे आले नाहीत तर नोंदणी रद्द, असे बिल्डरने लेखी कळवले होते. काकूंनी तर बाल्कनीच्या दाराचे माप घेऊन पडद्याचे कापड फाडूनही आणले होते. त्या मापाचे दार त्यांच्या आजवरच्या एकाही भाड्याच्या घराला नव्हते.

काकांनी तडक मित्रराष्ट्राच्या हिशेबखात्याला मागणीपत्र लिहिले. पत्रासोबत ठरलेला फॉर्म जातो. त्यात भरपाई कशी घेणार, असे विचारून तीन चौकोन छापलेले असतात: रोख, वस्तू किंवा सेवेच्या रूपाने, समान मूल्याच्या अदलाबदलीने. यांतल्या एकावर खूण करायची. पण काकांची सगळी हयात एका शिकवणुकीवर गेली होती, की फॉर्मवर रिकामी जागा ठेवायची नाही. रिकाम्या जागेत लेखापरीक्षक आक्षेप लिहितात. त्यांनी तिन्ही चौकोनांवर सुबक खुणा केल्या, शाई वाळू दिली आणि पाकीट चिकटवले.

अकरा वर्षे न आलेले उत्तर नवव्या दिवशी आले.

मित्रराष्ट्राने विलंबाबद्दल खेद व्यक्त केला होता. रोख रक्कम द्यायची तर त्यांना अर्थखात्याची परवानगी, नवीन खातेक्रमांक आणि किमान दोन वर्षे लागणार होती. परंतु आपण मोठ्या मनाने सेवेच्या रूपाने परतफेड घेण्यास संमती दिली आहे, सबब आमचे दोन सैनिकी न्हावी सोमवारी येत असून ते तीन दिवस राहतील व तीनशे बारा केशकर्तने परत करतील. कृपया डोकी तयार ठेवावीत.

काकांनी पत्र दोनदा वाचले. मग ते घेऊन कार्यालयप्रमुखांकडे गेले. प्रमुखांनी दार लावून काकांची बिनपाण्याने केली. तेवढ्यासाठी परदेशातून कोणाला बोलवावे लागले नाही.

लेखापरीक्षकांना मात्र पत्र आवडले. त्यांनी करार काढला, कलमे वाचली आणि सांगितले, की परतफेड नियमात बसते. फक्त मूळ सेवेच्या तोडीची हवी. मूळ नोंदीप्रमाणे प्रत्येक डोक्यावरून किमान अर्धा इंच केस उतरले होते. तेवढे उतरले तरच कर्तन धरू. लाभार्थी खात्याचा कर्मचारी किंवा पेन्शनर हवा. पावती तीन प्रतींत.

"आणि माणसं कुठून आणू?" काकांनी विचारले.

"तो प्रशासकीय प्रश्न आहे," साहेब म्हणाले.

काका आधी छावणीत गेले. तिथल्या सुभेदारांनी एका जवानाला बोलावून त्याचे डोके काकांपुढे वाकवले. त्यावर गव्हाच्या दाण्याएवढेही केस नव्हते. आमची दर शनिवारी होते, सुभेदार म्हणाले; अर्धा इंच पाहिजे असेल तर दोन महिने आधी सांगायचं. म्हणजे उरले ते मुलकी कर्मचारी: हिशेब कार्यालय, भांडार आणि वाहन दुरुस्तीचा कारखाना. काकांनी तिन्ही हजेरीपट मांडीवर घेऊन पुरुष मोजले. तीनशे एक्कावन्न. त्यांतून पूर्ण टकले तेवीस वजा. या तेविसांत काका स्वतः होते. ही वजाबाकी त्यांनी मान खाली घालून केली. रजेवरचे नऊ वजा. उरले तीनशे एकोणीस. गरजेपेक्षा सात जास्त. काकांना त्या रात्री चांगली झोप लागली.

सकाळी परिपत्रक निघाले आणि दुपारपर्यंत आणखी चौदा जण आजारी पडले. तीनशे पाच. गरजेपेक्षा सात कमी.

बायकांना विचारावे, असे एकाने सुचवले. काकांनी टायपिस्टबाईंपाशी विषय काढून पाहिला, की निदान टोके तरी छाटून घ्यावीत. बाईंनी यंत्रावरची बोटे न थांबवता विचारले, त्या न्हाव्यांना किती प्रकार येतात. एकच येतो, सैनिकी, असे काकांनी खरे ते सांगितले. पुढे बाईंनी जे टाइप केले त्याची एकेक प्रत महिला कर्मचाऱ्यांनी सह्या करून प्रमुखांकडे पाठवली, आणि तो मार्ग बंद झाला. काका पेन्शनरांच्या दारोदार हिंडले. पेन्शनरांपाशी वेळ भरपूर होता, केस नव्हते. तरीही अर्धा इंच भरतील अशी सहा डोकी त्यांनी मिळवली. त्यांत ते तेलाच्या पिंपांचे गृहस्थही होते. आक्षेप म्हणजे काय ते मला विचारा, असे म्हणून त्यांनी आपण होऊन नाव दिले. तीनशे अकरा.

एक हवे होते, आणि ते कुठे आहे हे काकांना पुरते ठाऊक होते. ते त्यांच्याच घरात होते.

काकूंचा धाकटा भाऊ भांडारात नोंदणी कारकून होता आणि सुट्टीच्या दिवशी एका वाद्यवृंदात ड्रम वाजवायचा. त्याचे केस खांद्यापर्यंत होते. ड्रम वाजवताना ते उडतात म्हणून लोक बघतात, वाजवणे कोण ऐकतो, असे तो स्वतःच मोकळेपणाने सांगे. परिपत्रक लागले त्याच दुपारी त्याची पाठ धरली, रजेचा अर्ज गेला, आणि कोणी घरी शोधायला येईल या भीतीने तो बहिणीकडे येऊन आतल्या खोलीत पालथा पडला होता.

"भाऊजी, माझी पाठ बघा," काका दारात दिसताच तो म्हणाला.

"मला पाठ नकोय तुझी. जरा वरचं पाहिजे."

काकू मध्ये उभ्या राहिल्या. त्याच्या केसालाही धक्का लावायचा नाही, त्यांनी बजावले; आई जाताना त्याला माझ्या ओटीत टाकून गेली. काकांनी आठवण करून दिली, की ओटीत टाकला तेव्हा तो सव्वीस वर्षांचा होता. यावर जे बोलणे झाले ते नवरा-बायकोत होते तसेच झाले. सुरू केसांवरून झाले आणि बावीस वर्षांपूर्वी न आणलेल्या शिलाई मशीनवर संपले.

सोमवारी न्हावी आले. थोरला रुंद खांद्यांचा, हुद्द्याने हवालदाराच्या तोडीचा. धाकटा उंच आणि गंभीर. दोघांनी कारखान्याच्या शेडमध्ये दोन खुर्च्या मांडल्या, टेबलावर गणकयंत्र ठेवले (एक डोके झाले की खटका दाबायचा, आकडा पुढे सरकायचा) आणि शिट्टी वाजवली. मध्ये एक दुभाषी होता, कंत्राटावर आणलेला. थोरला पाच मिनिटे बोलला तर तो "ठीक आहे म्हणतात" असे सांगायचा, आणि नुसती मान हलवली तर पानभर भाषांतर करायचा. लेखापरीक्षक पट्टी घेऊन शेजारी बसले. त्यांच्या आज्ञेवरून खाली पडलेले केस पोत्यात भरून पोत्याला लाख लावली जात होती. पुरावा म्हणून.

काकांनी एक युक्ती केली होती: कटिंग करून घेणाऱ्याला अर्ध्या दिवसाची सुट्टी. त्यामुळे पहिल्या दिवशी रांग दाराबाहेर गेली. एकशे सतरा डोकी झाली. दुसऱ्या दिवशी एकशे आठ.

दुसऱ्या दिवशीच गोंधळ सुरू झाला. सगळ्यांना एकच कट बसल्याने माणसे एकमेकांसारखी दिसू लागली. प्रमुखांनी एका कारकुनाला सकाळपासून तीनदा झापले. दोन वेळा तो दुसराच होता. कारखान्याच्या फाटकावर घ्यायला आलेल्या बायका लांबून हाक मारून खात्री करून घेऊ लागल्या. भांडारात एकाने दुसऱ्याचा पगार मोजून घेतला आणि घरी जाऊन पाहतो तर तो आपल्यापेक्षा जास्त आहे, तेव्हा कळले. काका मात्र खुशीत होते. एरवी आपण जगाहून निराळे दिसतो. आज सगळे जग त्यांच्याकडे अर्ध्या वाटेने चालत आले होते.

तिसऱ्या दिवशी साडेचार वाजता धाकट्या न्हाव्याने कापड झटकले आणि थोरल्याने कात्री पुसून ठेवली. त्या दिवशीची सत्त्याऐंशी. काकांनी तिन्ही दिवसांची बेरीज वरून खाली केली, खालून वर केली. तीनशे बारा. मेहुण्यावाचून कसे जमले, हे त्यांना उमगेना. पण आलेला आकडा तपासायचा नसतो, हे ते जाणून होते.

लेखापरीक्षक ते जाणत नव्हते. त्यांनी पावत्यांचा गठ्ठा उलटा केला, दोन पावत्या बाजूला काढल्या आणि कारखान्याच्या एका ड्रायव्हरला बोलावले. त्याच्या कानामागे काळा मस होता. या मसाची सोमवारची नोंद माझ्याकडे आहे, साहेब म्हणाले, आज दुपारी हाच मस दुसऱ्या नावाने बसला होता. ड्रायव्हरने फार ओढून धरले नाही. पहिल्या अर्ध्या सुट्टीत त्याने गॅसचे काम केले होते, दुसऱ्या अर्धीत त्याला बँकेत जायचे होते.

"दुसऱ्या वेळी कापायला होतं काय तुझ्या डोक्यावर?" काकांनी विचारले.

"काही नव्हतं. त्यांनी नुसती मशीन फिरवली. थंड वाटलं."

अर्धा इंच उतरला नाही, सबब कर्तन नामंजूर, असे साहेबांनी लिहिले. तीनशे अकरा. न्हाव्यांची गाडी सव्वापाचला निघणार होती. साहेबांनी वेळ बघितली आणि अहवालावर 'एक बाकी, आक्षेप कायम' असे लिहायला घेतले. अक्षर बारीक असल्यामुळे त्यांना थोडा वेळ लागणार होता.

काकांनी शेडच्या कोपऱ्यातून घरी फोन लावला. त्यांनी भांडण काढले नाही, विनवणीही केली नाही. एक डोके कमी आहे, चाळीस मिनिटे आहेत, आणि पाच तारखेला घर जाते, एवढेच हिशेबाने सांगितले.  पलीकडून फोन ठेवल्याचा आवाज आला.

पाच वाजायला सात मिनिटे असताना शेडच्या दारात स्कूटर थांबली. चालवत काकू होत्या. मागे मेहुणा होता, डोक्याला काकूंची ओढणी गच्च बांधलेली, जखमी माणसाला आणावे तसा.

"ताई, पडदे रक्ताच्या नात्यापेक्षा मोठे झाले का गं?" तो विचारत होता. बहुधा घरापासून विचारत होता.

"रक्त कोण मागतंय? केस मागतायत. बस तिथे."

तो बसला. थोरल्या न्हाव्याने ओढणी सोडली आणि ते केस पाहून तो क्षणभर थांबला. इतके दिवस खुरट्या गवताच्या बांधांवर काम करणाऱ्याला अचानक शेत दिसावे तसा. त्याने दुभाष्याला काहीतरी हळूच विचारले. दुभाषी म्हणाला, "खरंच कापू का, विचारतायत." काकूंनी तोंड फिरवून मान हलवली. मेहुण्याच्या रजेत कर्तन बसते का, हा प्रश्न काकांच्या मनात आला होता, पण त्यांनी तो तिथेच गिळला. साहेबांनी पट्टी लावली. अर्धा इंच कशाला, अकरा इंच उतरले होते. पावती झाली. खटका दाबला गेला.

"तीनशे बारा," लेखापरीक्षक म्हणाले, आणि त्यांनी अहवालात आधीचे खोडून नवे लिहिले: 'बाब निकाली. उभयपक्षी येणे-देणे शून्य.' खाली सही केली. काकांनी लगबगीने ना-देय प्रमाणपत्र पुढे केले. साहेबांनी शिक्का काढला, शाईच्या पॅडवर दाबला आणि उचलला.

तेवढ्यात थोरला न्हावी गणकयंत्र घेऊन आला आणि त्याने ते शिक्क्याच्या खाली धरले. त्यावर आकडा होता: तीनशे तेरा.

दुभाष्याने या वेळी नेमके भाषांतर केले. तो म्हणाला, "मशीन फिरवली म्हणजे सेवा दिली, म्हणतात. डोक्यावर केस होते की नव्हते, ते डोकंवाल्याने बघायचं. देणं होतं तीनशे बारा. एक जास्त दिलंय. ते त्यांचं येणं आहे, आणि तशी सही घेतल्याशिवाय परत गेले तर त्यांचेही लेखापरीक्षक आहेत."

शिक्का हवेतच राहिला. साहेबांनी आपला अहवाल पाहिला, सही पाहिली, मग गणकयंत्र पाहिले. मित्रसैन्यांकडची येणी मिटवायला आलेल्या माणसाच्या सहीखाली सरकार एका कटिंगचे देणेकरी झाले होते. देणे उघडे असताना प्रमाणपत्र कसे द्यायचे, असे ते पुटपुटले. आवाज मात्र पहिल्यासारखा बारीक-धारदार नव्हता.

काकूंनी स्कूटरची किल्ली मुठीत आवळली. मेहुण्याने डोक्यावरून हात फिरवला आणि काही सापडते का पाहिले. काकांनी मात्र थोरल्या न्हाव्याकडे पाहिले. दुसऱ्यांची डोकी करणाऱ्या माणसाचे स्वतःचे डोके कोण करणार? त्याच्या टोपीखालून मानेवर चांगले दोन बोटे केस आले होते.

"देणं आहे ना एक?" काका म्हणाले. "मग फेडून टाकू. आत्ता, इथेच. सेवेच्या रूपाने."

थोरल्याला कल्पना पसंत पडली. त्याने टोपी काढली आणि स्वतःच्याच खुर्चीत जाऊन बसला. प्रश्न राहिला, कापणार कोण. छावणीच्या न्हाव्याचे पद चार वर्षांपूर्वी अनावश्यक म्हणून रद्द झाले होते. शिफारस याच साहेबांची होती. धाकट्याने कापले तर ती त्यांचीच सेवा झाली. मेहुणा आजारपणाच्या रजेवर. दुभाषी कंत्राटी. ड्रायव्हर आपल्या दुसऱ्या अर्ध्या सुट्टीवर निघून गेला होता. सव्वापाचला तीन मिनिटे कमी होती.

"तुम्ही करा," साहेब काकांना म्हणाले.

"करीन की. पण येणं वसूल करणाऱ्याने देणं फेडायचं नाही, एका हाती दोन्ही व्यवहार नकोत, हे तुम्हीच पहिल्या दिवशी लिहून दिलंय." काकांनी परिपत्रकाचा क्रमांकही सांगितला. "खात्याचा, हजेरीवरचा, कायम नोकरीतला माणूस इथे एकच आहे, साहेब."

साहेबांनी शेडभर नजर फिरवली. खरोखरच एकच होता. त्यांनी कोट काढला. शर्टाच्या बाह्या दुमडल्या. धाकट्या न्हाव्याने अदबीने कात्री पुढे केली.

"एक मिनिट," काका म्हणाले. "देणं तर तुम्ही फेडताच आहात. प्रमाणपत्रावर शिक्का आधी मारून घ्या. नंतर हाताला केस लागतील, शाई पसरेल."

साहेबांना हे तर्कशुद्ध वाटले. शिक्का उमटला, सही झाली, तारीख पडली. काकांनी कागद फुंकर मारून वाळवला, चार घड्या घातल्या आणि काकूंच्या हातात दिला. काकूंनी तो पर्समध्ये टाकून साखळी ओढली, आणि मगच दोघांनी खुर्चीकडे पाहिले.

लेखापरीक्षकांनी आयुष्यात प्रथमच काहीतरी स्वतः पुरवायला घेतले होते. ते पट्टी लावत, मग कात्री लावत, मग मागे सरून दोन्ही बाजू समान आहेत का पाहत. डावी बाजू जास्त वाटली की ती कमी करत; मग उजवी जास्त वाटे. ताळेबंद जुळवण्याची त्यांची ही पद्धत वहीत वर्षानुवर्षे यशस्वी ठरली होती. बाहेर गाडीचा हॉर्न वाजला तेव्हा उजवीकडचे काम संपले होते. डावीकडे कानावर अजून झुबका होता आणि मध्ये, टाळूपाशी, पट्टी ठेवलेल्या जागेची चौकोनी निशाणी होती.

थोरल्याने धाकट्याकडून आरसा घेतला. त्याने त्यात उजवीकडून पाहिले, डावीकडून पाहिले आणि तो परत दिला. मग पावतीच्या तिन्ही प्रतींवर शेऱ्याच्या रकान्यात एकच ओळ लिहून सही केली, टोपी कानांवर ओढली, सगळ्यांना कडक सलामी दिली आणि तो गाडीत बसला.

"काय लिहिलंय?" साहेबांनी विचारले.

दुभाष्याने पावती उजेडात धरली. "अर्धी मिळाली. अर्धी येणे बाकी."

 गाडीची धूळ बसली तशी काकूंनी स्कूटर चालू केली. मेहुणा मागे बसायला गेला, तेव्हा काकूंनी त्याला पायी यायला सांगितले, आता पाठ बरी असेल म्हणून. काका मागे बसू लागले, तसे लेखापरीक्षक जवळ आले. त्यांच्या शर्टावर केस होते. चष्मा अजून कपाळावरच होता, आणि आवाज असा, की एकोणीस वर्षांत काकांशी कोणी वरिष्ठ त्या आवाजात बोलला नव्हता.

"काका, एक विचारायचं होतं. वहीत ही अर्धी कटिंग पूर्ण धरून लिहायची, की अपूर्णांकात?"

काकांनी खूप विचार केल्यासारखे केले.

"साहेब," ते म्हणाले, "ते लेखापरीक्षक ठरवतात." आणि त्यांनी काकूंच्या खांद्यावर बोट टेकवून निघण्याची खूण केली.